कागदावरची लेथ

कानडी मुलखातल्या पीण्या औद्योगिक वसाहतीच्या बसथांब्यावर मागून मराठी ऐकू आली, तसे वीणानं इअरफोन काढले. पुणं सोडल्यापासून रस्त्यात मराठी कानावर पडलीच नव्हती. कारखान्याच्या खाकी शर्टातले एक मामा पुस्तक धरून भाचीची उजळणी घेत होते.

“कावेरी, डेप्रिसिएशन म्हणजे काय गं?”

“घसारा, मामा. मशीनची किंमत दरवर्षी कमी धरायची.”

“बिघडली तर?”

“न बिघडता पण.”

“माझी लेथ तर नव्यापेक्षा झकास चालते की!”

“चालू दे की. वीस वर्षं झाली ना? कागदावर तिची किंमत शून्य.”

“शून्य? अगं, दसऱ्याच्या आयुधपूजेला मालकानं स्वतः हार घातला तिला. कोहळा फोडला!”

“पूजा निराळी, हे निराळं.”

“बरं. आणि वीस वर्षांत माझा हात बसला तिच्यावर, त्याची किंमत चढली असंल न्हवं? त्याला काय म्हणतात?”

“ते... ह्यात नाही, मामा.”

“स्वल्प नीट बघ की. पुढल्या पानावर असंल.”

कावेरीनं त्यांच्या हातातलं पुस्तक घेऊन पान उलटलं. मग आणखी एक.

वीणाची बस आली. ती चढली नाही.