हाताला यश नाही

गॅरेजच्या बाकावर पंक्चर निघायची वाट बघत बसलेल्या टॅक्सीवाल्याच्या शेजारी एक नवराबायको येऊन टेकले.

"माझ्या हातालाच यश नाही हो. आत्ता कुठे चालवायला शिकले, तर चढावर तुमचं इंजिन जाळून ठेवलं."

"जाऊ दे गं. होतं असं."

"पुन्हा स्टिअरिंगला हात लावायची नाही मी."

"बरं."

"बरं काय? रागवा तरी! तुम्ही गप्प राहता, त्यानं मेल्याहून मेल्यासारखं होतं."

तेवढ्यात मेकॅनिक हात पुसत बाहेर आला.

"साहेब, एवढ्याशा गाडीला टर्बो कुणी बसवला?"

"टर्बो म्हणजे?"

"इंजिनात जादा हवा कोंबतो, ताई. गाडी पळते झकास. पण हवेच्या मापानं पेट्रोलही वाढवावं लागतं, ते वाढवलेलंच नाही. पिस्टन वितळलाय. कुणीही चालवली असती तरी हेच झालं असतं."

"अहो, तुम्ही रविवारभर गाडीखाली असायचात ते..."

"जुन्या बाजारात मिळाला. म्हटलं, घरीच जमेल."

"परवा मी रडत होते, तेव्हा पाणी आणून दिलंत. तेव्हा ठाऊक होतं तुम्हाला?"

टॅक्सीवाला खाली वाकला आणि न सुटलेली बुटाची नाडी बांधू लागला.

"हो."