खिशातली पुडी

दवाखान्याचं नाव काढू नका रं, हा चहाबी कडू लागंल. बहात्तरच्या दुष्काळानंतर माझ्या वडलांना, दादांना, ताप भरला म्हणून जतहून सांगलीच्या सरकारी दवाखान्यात नेलं; आधीबी एकदा तिथंच दाखवलं हुतं. डॉक्टर येईस्तोवर कंपाउंडरनं तापाच्या पुड्या बांधून दिल्या, त्या मी खिशात टाकल्या.

डॉक्टर म्हणाले, "यांचा जुना केसपेपर आणा. कुठलं इंजेक्शन चालत नाही, ते त्यात असेल."

रेकॉर्डचा कारकून गठ्ठे उपसून दमला. "न्हाई गावत, गड्या. जुनं कागद पुड्या बांधायला जात्यात."

शेवटी डॉक्टरांनी पेनिसिलीन दिलं. दादा तासाभरात गेले.

घरी येऊन मी खिशातली पुडी सोडली. कागदावर दादांचं नाव हुतं, आणि खाली लाल शाईत लिवल्यालं, "पेनिसिलीन देऊ नये."

दिवसभर ते माझ्याच खिशात हुतं.