खिडकीचं माप

घड्याळजी: टेप काढ ना. दलाल गच्चीची किल्ली आणायला खाली गेलाय, तोवर खिडकी मापून टाक.

बायको: टेप विसरले.

घड्याळजी: विसरलीस? अगं, जन्मभर लोकांचे कपडे शिवलेस. टेप गळ्यात घालून झोपतेस तू. आपल्या लग्नाच्या फोटोतसुद्धा तुझ्या गळ्यात दागिना कमी आणि टेप जास्त दिसते.

बायको: थापा पुरे. मला हे घर घ्यायचं नाही. भाड्यानेच राहू.

घड्याळजी: तू म्हणतेस हे? नळाला पाणी नसलं तरी चालेल, पण नळ आपला हवा, असं म्हणून माझं डोकं खाल्लेली तू?

बायको: मीच. चौथा मजला फार उंच आहे.

घड्याळजी: लिफ्ट आहे.

बायको: बंद पडेल.

घड्याळजी: हे माझं वाक्य आहे. दुसऱ्या घराच्या वेळचं.

बायको: तुमचीच शिदोरी सोडून खातेय. पहिल्या घराला म्हणालात, खिडकी पश्चिमेला आहे, दुपारी पलंगावरची चादर भाजून निघेल. दुसऱ्याची लिफ्ट. तिसऱ्या घरात म्हणे वारा एवढा, की आधीच्या भाडेकरूचा भांग उडाला तो समोरच्या इमारतीत सापडला. मी हसत बसले आणि घर हातचं गेलं. चौथं सोडलं, का तर जिना आईंना झेपणार नाही. आईंना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

घड्याळजी: घाबरायचो गं. हप्ता म्हटलं की रात्रभर हिशोब करत बसायचो. लोक मोबाइलात वेळ बघायला लागले होते, दुकान कधी बसेल त्याचा नेम नव्हता.

बायको: आणि मी वेडी दर घरी खिडकी मापायची. पडदा शिवून तयार होता. खाली रुंद दुमड मारून ठेवली होती, खिडकी मोठी निघाली तर उसवून लांब करता यावा म्हणून. अजून ट्रंकेत आहे. झुरळांची तिसरी पिढी त्याला आजोबा म्हणते.

घड्याळजी: मग आता लाव ना तो. दुकान विकलंय, पैसे नुसते पडून आहेत. हाताला कंप आहे, घड्याळाचा काटा धरता येत नाही, पण घराची किल्ली धरता येईल. आणि मालकाने महिनाअखेर जागा सोडायला सांगितलीय. जाणार कुठे आपण?

बायको: दुसऱ्या भाड्याच्या घरात.

घड्याळजी: परवाचा तो घरमालक विसरलीस? माझी काठी बघितली आणि म्हणाला, आजोबा, जिना आहे हो. तळमजला होता तो. त्याच्या मनात काय होतं मला कळत नाही का? आत येतील चालत, बाहेर जाताना मात्र…

बायको: नका बोलू पुढे.

दलाल: (दारात) मिळाली किल्ली. काय काकू, कसं वाटलं घर? हवा बघा जरा. या इमारतीत डॉक्टरने दवाखाना उघडला होता, बंद करून गेला बिचारा. आजारीच पडत नाही कुणी.

घड्याळजी: हा माझा गुरू निघाला.

बायको: दादा, आम्हाला थोडा वेळ द्या.

दलाल: घ्या की काकू, तुमचंच घर आहे. फक्त संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय, तरुण जोडपं, दोघं कमावते. ते थांबायचे नाहीत, म्हणून आपलं सांगून ठेवलं. मी जिन्यात उभा आहे.

घड्याळजी: इकडे ये. ही आतली खोली बघ. ही चिंगीची.

बायको: चिंगीचे केस पिकायला लागलेत आता.

घड्याळजी: पिकू देत. मुलगी ती मुलगीच. जावई, नातवंडं, सगळी मावतील इथं. मागच्या खेपेला हॉटेलात उतरली, ते माझ्या अजून मनातून जात नाही. आपल्याकडे जागा नाही म्हणून.

बायको: जागा नाही म्हणून उतरली, असं वाटतं तुम्हाला?

घड्याळजी: तीच म्हणाली तसं.

बायको: तुमचीच लेक आहे. तिलाही येते थाप मारता.

घड्याळजी: खोली असली की येईल. बघ तू.

बायको: नाही येणार.

घड्याळजी: तुला काय माहीत?

बायको: रविवारी फोन आला होता तिचा. मी आपली तुमच्याकडून ऐकलेलं सांगत सुटले, खिडकी पूर्वेला आहे, तुझ्या खोलीला भिंतीतलं कपाट आहे. ती म्हणाली, आई, भाड्यानेच घ्या ना. नंतर विकायला मलाच यावं लागेल, आणि मला रजा कुठे मिळते. रागाने नाही हो म्हणाली. भाजी चिरता चिरता. सुरीचा आवाज येत होता मला.

घड्याळजी: नंतर.

बायको: हो. आपल्या नंतर.

घड्याळजी: मलाही तेच म्हणाली.

बायको: कधी?

घड्याळजी: तुझ्या आधी. दुकानाची किल्ली देऊन आलो ना, त्या दिवशी.

बायको: आणि तरी मला इथं घेऊन आलात?

घड्याळजी: वाटलं, तुला म्हणाली नसेल. घर घ्यायला नको म्हणून आयुष्यभर थापा मारल्या, एक घर घेण्यासाठी मारून बघावी म्हटलं. तुला काही कळलं नसतं. ही खोली तिची म्हणून तयार ठेवली असती आपण. तू चादर बदलत राहिली असतीस.

बायको: दर रविवारी.

घड्याळजी: दर रविवारी. दिवस गेले असते गं. असे कितीसे उरलेत.

बायको: आता नाही जमायचं. मला माहीत झालंय, तुम्हाला माहीत झालंय. रिकाम्या खोलीत एकमेकांसमोर नाटक करायचं, त्यालाही अंगात जोर लागतो.

घड्याळजी: मग आपल्या दोघांपुरतं घेऊ. तिचं नावच नको.

बायको: दोघांपुरतं घ्यायचं ते तेव्हा. आता घेतलं तर शेवटी एकालाच पुरायचं. कुणाला, तेवढंच बघायचं.

दलाल: काका, येऊ का आत? काय ठरलं मग?

घड्याळजी: नाही जमत बाबा. खिडकी पश्चिमेला आहे. दुपारी चादर भाजते.

दलाल: पश्चिमेला कुठे? पूर्वेला आहे हो काका. सकाळी या, दाखवतो.

बायको: पश्चिमेलाच आहे, दादा. आम्ही बघितलं ना नीट.

दलाल: बरं. तुमची मर्जी. मी खाली आहे, जाताना दार तेवढं ओढून घ्या.

घड्याळजी: चल. हळू, उंबरा आहे. अगं, शालीतून काय लोंबतंय हे? टेप आहे की तुझ्याकडे.

बायको: असतेच. जाते कुठे.

घड्याळजी: मग आता कशाला काढतेयस?

बायको: सवय. ते टोक धरा. वर, चौकटीला लावा. हात हलवू नका.

घड्याळजी: मी नाही हलवत, तो आपणच हलतो. झालं का? किती भरली?

बायको: सोडा आता.

घड्याळजी: अगं, किती ते तरी सांग.

बायको: बसला असता पडदा. दुमडसुद्धा उसवावी लागली नसती.