सैल पायाचा भुजंगसेन

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. तबलजी, तुम्हीही हात आवरा. तुमचा उत्साह दांडगा आहे, पण मला बोलू द्या! नामस्मरण झालं, पूर्वरंग झाला, समोरच्या आजोबांची एक डुलकीही झाली. आता एक प्रश्न विचारतो. आडवळणं न घेता उत्तर द्यायचं. पारख करणं — हे पुण्य की पाप?

काय म्हणालात मामी? पुण्य? बरोबर! बाजारात जाता, भेंडीचं शेपूट मोडून बघता. कट् झालं तर घेता. नाही झालं, तर भाजीवाल्याकडे असं बघता, की जणू त्यानंच तिला म्हातारी केली! नारळ कानाशी हलवता. कलिंगडाला टिचक्या मारता. मारा! भाजीची पारख हवीच. पण मी विचारतो — भेंडी मोडणारा हात घरी आल्यावर थांबतो का हो? का घरात आल्यावर सून हलवून बघता आणि जावयाला टिचक्या मारता? हसू नका! हसताय म्हणजे मारताय!

ऐका —

गुण बघाया चष्मा लागे, दोष दिसे अंधारी।
तासत बसला माणुस अवघा, भुसा उरे घरदारी॥

कुठल्या संताचं म्हणून शोधायला जाऊ नका, ही आमचीच जोडाजोड आहे. पेटीवाले, सूर सोडा आता. गोष्टीला सुरुवात करतो.

एका गावात एक डॉक्टर होते. गावाचं नाव सांगत नाही, उगाच कुणाची बदनामी कशाला! ... बरं बाबा, मिरज! झालं समाधान? डॉक्टर अच्युतराव खासनीस, दातांचे डॉक्टर. हात इतका हलका, की दाढ काढून झाली तरी पेशंट विचारायचा, "डॉक्टर, सुरुवात कधी करताय?" माणूस सज्जन. व्यसन नाही, सुपारीचं खांडसुद्धा नाही. पण छंद होता एक. बाहुल्यांचा!

आता मी 'बाहुल्या' म्हटलं ना, हे डॉक्टरांच्या कानावर गेलं तर माझे दात काढतील! "बाहुल्या नव्हेत बुवा, ॲक्शन फिगर!" म्हणजे काय? तर वीतभर उंचीचे प्लास्टिकचे वीर. दंड फुगलेले, छाती पुढे, हातात तलवार, अंगावर मात्र लंगोटीपुरताच कपडा! लहानपणी डॉक्टरांचे मामा मुंबईहून ते आणायचे. मान हलते, दोन हात हलतात, दोन पाय हलतात — संपलं! बाकी सगळा ठोकळा. भावंडं दिवसभर त्यांच्या लढाया लावायची. पुढे मुलं मोठी झाली, वीर कुठे माळ्यावर, कुठे भंगारात गेले. तुमचं-आमचं गेलं तसंच.

आणि आता गंमत ऐका! हल्ली कंपन्यांना कळलंय, की पन्नाशीच्या माणसाला बाकी काही नको असतं, त्याला त्याचं दहावं वर्ष परत हवं असतं! म्हणून त्या नवे वीर काढतात — पण दिसायला जुने! जुन्यासारखं खोकं, जुन्यासारखं भडक चित्र, हलणारे सांधेही तेवढेच. नवं कोरं जुनं! आपल्याकडे नव्या भांड्यावर जुनी नावं घालतात, त्यातलीच तऱ्हा.

तर डॉक्टर हे वीर मागवायचे. आणि आले की तपासायचे! कसे? दवाखान्यातला मोठा दिवा लावायचा. डोळ्याला भिंग. हातात तो दांडीचा बारका आरसा — जो तुमच्या दाढेमागे घालतात ना, तोच वीराच्या काखेत! "हं... डाव्या डोळ्याचा रंग पापणीबाहेर गेलाय. मांडीवर साच्याची रेघ राहिलीय. खांद्याचा सांधा कच्चा आहे. परत!" निम्मे वीर आल्या पावली माघारी! त्या छंदाच्या मंडळींत डॉक्टरांचा शब्द म्हणजे शेवटचा. खासनीसांनी ठेवून घेतला, म्हणजे माल चोख.

त्यांच्या पत्नी, नीलिमावहिनी, फार शांत बाई. त्या एवढंच म्हणायच्या, "अहो, नशीब माझं, लग्नाच्या वेळी तुमच्याकडे भिंग नव्हतं."

आता पुढे काय व्हायचं ते झालं. सवय आहे ती! कपाटात कोंडून राहते होय? मुलगी मैथिली लग्नाची झाली. स्थळं यायला लागली. पहिला मुलगा इंजिनियर. डॉक्टर म्हणाले, "खालचा जबडा पुढे आहे." दुसरा बँकेत. "कानाच्या पाळ्या सारख्या नाहीत." तिसरा बिचारा इतका देखणा, की वहिनींनी मनातल्या मनात रुखवतसुद्धा मांडला! डॉक्टर म्हणाले, "जरा जास्तच गुळगुळीत वाटतो." अरे! कोणाचा जावई शोधताय, स्वतःचा की इंद्राचा?

शेवटी मैथिलीनंच ठरवलं. मुलगा निनाद शेवडे. साखर कारखान्यात केमिस्ट, तिच्या मैत्रिणीचा मावसभाऊ. दोघांची मनं जुळली होती. तो रविवारी आईला घेऊन घरी येणार, त्याच्या आदल्या दिवशी ती वडिलांसमोर बसली आणि म्हणाली, "बाबा, लग्न मी ह्याच्याशीच करणार. परवानगी मागत नाहीये. तुमचा आनंद मागतेय. तुम्ही वाकडं तोंड करून अक्षता टाकल्यात ना, तर मला ते लग्न गोड लागणार नाही. त्याला तपासू नका. नुसतं बघा."

डॉक्टरांना एकुलती एक लेक. तिच्या पहिल्या दातापासून अक्कलदाढेपर्यंत सगळं त्यांनी स्वतः बघितलेलं. ते म्हणाले, "नाही तपासणार. शब्द!"

रविवार उजाडला. निनाद आला, आई आली. डॉक्टर हात मांडीखाली दाबून बसले! हो, न जाणो, उठून मुलाचं तोंड उघडायचे! पण डोळ्यांना कोण बांधणार? मुलगा हसला — दात एकदम नंबरी! डॉक्टर खूश. खांदे सरळ. बोलणं नम्र. कानाच्या पाळ्या, अहाहा, दोन्ही सारख्या! डॉक्टरांच्या मनात आलं, हा ठेवून घ्यायचा. आणि तेवढ्यात मुलगा नमस्कार करायला दिवाणावरून उठला.

कट्!

भेंडी नव्हे! गुडघा! डावा गुडघा वाजला, पाय लटपटला आणि निनादनं पटकन टेबलाचा आधार घेतला. "सॉरी काका," तो हसून म्हणाला, "खो-खो खेळताना खांबावर आपटलो होतो. ऑपरेशन झालं, पण हा पाय मधूनच दगा देतो." काही लपवलं नाही पोरानं. सरळ सांगितलं.

डॉक्टरांचा चेहरा पडला. "आलोच हं" म्हणून ते स्वयंपाकघरात. तिथे वहिनी पोह्यांवर खोबरं पेरतायत, मैथिली ट्रे घेऊन उभी.

"नीलिमा, सगळं चोख आहे गं. पण पाय! सांधा सैल आहे!"

"अहो, हळू बोला!"

"हळू काय? जन्माचा प्रश्न आहे! उभा राहताना डुगडुगतो तो! उद्या माझी पोर ह्याला धरून चालणार का?"

मैथिलीनं ट्रे ओट्यावर ठेवला आणि पदरानं... छे, ड्रेस घालते हो ती, ओढणीनं डोळे पुसले. ते डॉक्टरांनी पाहिलं. पण शब्द मागे घेईनात. आपल्याला माहीत आहे ना ही जात? चूक कळते, पण वळत नाही!

आणि तेवढ्यात दाराची बेल वाजली. कोण? कुरियरवाला!

आता हे पार्सल कसलं, ते सांगतो. डॉक्टरांच्या लहानपणी एक वीर होता — भुजंगसेन. हिरवा लंगोट, डोक्यावर नागाचा फणा. कंपनीनं तो नव्यानं काढला. डॉक्टरांनी मागवला, आणि परत पाठवला! का? रंग चोख, साचा चोख. पण — नीट ऐका — पाय घट्ट होता! जुन्या भुजंगसेनाचा डावा पाय सैल असायचा. नवा ताठ उभा राहिला! डॉक्टर म्हणाले, "हा आमचा भुजंगसेन नव्हेच!" मग कंपनीनं काय केलं? त्यांच्यासारख्याच शौकिनांसाठी जुन्या साच्याबरहुकूम दुसरा काढला, मुद्दाम सैल पायाचा! आणि किंमत? जास्त! खोट वाढली तशी किंमत वाढली! आहे की नाही कलियुग?

तर तो भुजंगसेन दारात! डॉक्टर पाहुणे विसरले, स्थळ विसरले, मघाचं दुःख विसरले. बैठकीतच फतकल मारून बसले, खोकं उघडलं, वीर बाहेर काढला, टेबलावर उभा केला. तो डुगडुगला आणि — धप्प! तोंडावर पडला. डॉक्टरांनी टाळ्या पिटल्या! "सैल आहे! हाच तो! अस्सल!"

शेवडेबाईंनी नुकत्याच आलेल्या पोह्यांचा चमचा तोंडाजवळच थांबवला. त्यांना वाटलं, आपण दातांच्या डॉक्टरांकडे आलोय की दुसऱ्याच डॉक्टरांची गरज असलेल्या घरी!

वहिनी दारात उभ्या होत्या. शांत बाई, मी म्हणालो ना? शांत बायकांना भ्यावं, मंडळी. त्या गोड आवाजात म्हणाल्या, "अहो, ह्याचा पाय सैल आहे. परत पाठवायचा ना?"

"परत? वेड लागलंय का तुला?"

निनाद पुढे वाकला. त्याला खरंच कुतूहल वाटत होतं. "काका, मग हा पडत असेल ना सारखा? खेळताना अडचण नाही व्हायची?"

आता छंदिष्ट माणसाला कुणी छंदाबद्दल विचारलं, की त्याला गंगा भेटते! डॉक्टरांचा आवाज हळू झाला. "पडायचा रे! सारखा पडायचा. लढाईत पहिला आडवा हाच. बाकीचे वीर होते की, चांगले ताठ उभे राहणारे. एकदा मांडले की मांडले. त्यांना कोण हात लावतंय? आज त्यांची नावंसुद्धा आठवत नाहीत मला. पण हा पडायचा, म्हणून सगळ्यात जास्त आमच्या हातात असायचा. जेवताना हातात, झोपताना हातात. ज्याला सारखं उचलावं लागतं ना, त्याच्यावरच जीव..."

आणि डॉक्टर थांबले.

मंडळी, स्वतःच्या तोंडून निघालेलं वाक्य स्वतःच्याच कानात शिरलं! दुसऱ्यानं सांगितलं असतं तर वाद घातला असता. आता कोणाशी घालणार?

मैथिली पुढे आली. तिनं भाषण नाही केलं, टोमणा नाही मारला. एवढंच म्हणाली, "मग, बाबा?"

डॉक्टर ओशाळून लाल झाले. म्हणाले, "शेवडेबाई, पोहे घ्या अजून!" त्यांची बशी भरलेली! "मिरजेचं पाणी चांगलं आहे हो!" कोणी विचारलं होतं? मग ते उठले, कोपऱ्यातली आपली आरामखुर्ची ओढत मध्ये आणली. ती खुर्ची डॉक्टरांची! तिच्यावर वहिनीसुद्धा बसत नसत, वहिनींचे बंधू एकदा बसले होते तर दोन दिवस अबोला झाला होता! ती खुर्ची निनादसमोर ठेवली, त्याच्या दंडाला धरलं आणि म्हणाले, "इथे बस बाळा. तो दिवाण फार खाली आहे, उठताना गुडघ्याला त्रास होतो. आधीच माझ्या लक्षात यायला हवं होतं. माझं चुकलं."

मैथिली रडली, वहिनी रडल्या. शेवडेबाईंना कारण कळलं नाही, पण त्याही रडल्या. चांगल्या घरच्या!

लग्न झालं थाटात. सप्तपदीत निनाद अडखळला तर सगळ्यांच्या आधी सासऱ्याचा हात पुढे! आता तुम्ही म्हणाल, बुवा, म्हणजे डॉक्टर सुधारले? छे! त्याच मांडवात बँडवाल्याला बाजूला घेऊन त्याची मागची दाढ बघत होते. स्वभाव एका दिवसात जातो होय? पण बाहुल्यांचा दिवा त्यांनी माणसांवर लावायचा सोडला, एवढं मात्र खरं.

आता तुमच्याकडे वळतो. टेकून बसलेले सरसावून बसा! खोट शोधू नका असं मी म्हणत नाही. भेंडी मोडा, खुशाल मोडा. पण घरातल्या माणसाची खोट सापडली, की आपण काय करतो? परत पाठवता येत नाही, म्हणून मनातून परत पाठवतो! माणूस घरातच राहतं, ताटावर शेजारी बसतं, आणि आपण त्याला कधीचं माघारी धाडलेलं असतं. नवरा घोरतो — परत. सासू तेच तेच सांगते — परत. मुलाला गणित येत नाही — परत! आणि बुवांचा आवाज बसलाय, गेल्या वर्षीचे बुवा बरे होते — हे मघाशी चपला काढताना कोण म्हणालं, मी ऐकलंय! नाव घेत नाही.

अहो, त्या वरच्याचा संग्रह बघा! एकेक नग बघा काय जमवलाय! कोणी रागीट, कोणी चिकट, कोणी विसरभोळा, कोणी माझ्यासारखा वाचाळ. एकाचाही साचा धड नाही. म्हणाला का तो कधी, हा नको? सगळे ठेवून घेतलेत! दिवसातून दहादा पडतो आपण आणि तो दहादा उचलतो. त्याचा कंटाळा नाही आला त्याला, आणि आपण घरातल्या दोन-चार माणसांना कंटाळलो?

उठा आता, आरतीची तयारी करा. पण त्याआधी एकदा सगळ्यांनी मिळून त्याचं नाव घ्या, मोठ्यानं! आणि ज्याचा सूर लागत नाही ना, त्यानं सगळ्यांत मोठ्यानं घ्या!