वाटूर फाट्यावरील काट्याच्या डबीबाबत

जबाब देणार: गिरिजा कचरू तौर, वय २३ वर्षे, शिक्षण संगणक पदविका, धंदा कॉम्प्युटर दुरुस्ती, राहणार वाटूर, ता. परतूर, जि. जालना. दि. १४ डिसेंबर २००२.

मी आज कोणी न बोलावता ठाण्यात हजर झाले असून समक्ष सांगते की, बुधवार दि. ११ रोजी व त्यानंतर जे झाले ते आधी क्रमाने असे:

१. वाटूर फाट्यावरील बद्रीनाथ सोळंके यांच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात, वजनकाट्याच्या खोलीत, दोन कॉम्प्युटरना मिळून एकच मॉनिटर, एकच कीबोर्ड आणि एकच माउस चालावा म्हणून मी एक स्विच बसवला.

२. धर्मराज भिवा तौर यांचा कापसाचा ट्रॅक्टर काट्यावर उभा असताना त्या स्विचचे बटण मी दाबले.

३. मॉनिटरवरचा आकडा बदलला.

४. धर्मराज यांनी काट्यावरील ऑपरेटर मुनीर कमरोद्दीन शेख यांना मारहाण केली. इतरांनी मुनीर यांना धरून ठेवले.

५. मुनीर यांच्या उजव्या हाताची तीन बोटे काल इस्पितळात काढावी लागली.

६. धर्मराज यांच्या फिर्यादीवरून मुनीर यांच्यावर फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला. त्यांच्या खाटेशेजारी शिपाई बसवला आहे. मारहाणीच्या गुन्ह्यात 'अनोळखी जमाव' असे लिहिले आहे.

७. धर्मराज माझा सख्खा चुलत भाऊ आहे. जमावातले कोणीही मला अनोळखी नव्हते.

आता सविस्तर सांगते.

मी परतूर येथे एका कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात काम करते. काट्याच्या खोलीत दोन कॉम्प्युटर आहेत. पहिला जुना असून काट्याला वायरने जोडलेला आहे. काट्यावर गाडी आली की तिचे वजन त्यात दिसते. दुसरा नवा असून त्यावर पावती तयार होते. पूर्वी दोघांना वेगवेगळे मॉनिटर होते. एक बिघडला. टेबल लहान असल्याने बद्रीनाथशेठ यांनी दुसरा घेण्याऐवजी एकातच भागवायला सांगितले. म्हणून मी स्विच आणला. ही काळी डबी आहे, साबणाच्या वडीएवढी. तिच्या एका बाजूला बटण आहे. बटण दाबले की मॉनिटर एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर जातो. कीबोर्ड आणि माउसही त्याच्याबरोबर जातात. पडदा क्षणभर काळा होतो, मग दुसऱ्या कॉम्प्युटरचे चित्र येते. जो कॉम्प्युटर दिसत नसतो तोही चालूच असतो. डबीला वजनाची वायर येत नाही आणि तिच्यातून वजनाची वायर जात नाही.

मी डबी जोडत असताना सरकी झाडणाऱ्या साळूबाई दारात उभ्या होत्या. हे काय, असे त्यांनी विचारले. मी सांगितले. त्या म्हणाल्या, "म्हंजी दोन सवती अन् दिवा एकच. हिच्या घरात लावला की तिच्या घरात अंधार." मुनीर म्हणाले, "अंधार असला तरी चूल चालूच राह्यते, मावशी." मी दिलेल्या माहितीपेक्षा ही माहिती लवकर समजते, म्हणून लिहून घ्यावी.

या काट्यावर एक रीत आहे. मॉनिटर खिडकीकडे अर्धा वळवून ठेवलेला असतो. माल आणणारा खिडकीशी उभा राहून आकडा स्वतः मोठ्याने वाचतो. आत बसलेला ऑपरेटर तोच आकडा परत मोठ्याने म्हणतो. दोन्ही तोंडांनी एकच आकडा निघाला की मग पावती. ही रीत मला लहानपणापासून माहीत आहे. वडिलांबरोबर मी या खिडकीशी अनेकदा उभी राहिले आहे.

धर्मराज यांचा ट्रॅक्टर काट्यावर आला तेव्हा दुपार होती. मागे गाड्यांची रांग होती. मी टेबलाच्या मागे, भिंतीच्या बाजूला, खाली वाकून माउसची वायर तपासत होते. पावतीच्या कॉम्प्युटरवर माउस अडकत होता. मला खिडकी दिसत नव्हती. धर्मराज यांनी वाचलेला आकडा मी ऐकला: सत्तावन्न क्विंटल वीस किलो. जिनचा आवाज मोठा असतो. मुनीर यांनी तो परत म्हटला असेल असे मी धरून चालले. त्यांनी म्हटला नव्हता. ते आधीच्या गाडीची पावती कागद टोचून ठेवायच्या तारेत लावत होते. मी बटण दाबले.

पडद्यावर पावतीचा कॉम्प्युटर आला. त्यावर आधीच्या गाडीची पावती उघडी होती. मुनीर यांनी मान वर केली आणि रोजच्या सवयीने समोर दिसला तो आकडा म्हटला: एकोणपन्नास साठ.

मी चूक ओळखली, उभी राहिले आणि बटण परत दाबले. पडद्यावर सत्तावन्न वीस आले. मी खिडकीकडे पाहून सांगितले की हा दुसऱ्या कॉम्प्युटरचा आकडा होता, वजन जसेच्या तसे आहे.

परत दाबल्याने प्रकरण वाढले. धर्मराज रांगेकडे वळून म्हणाले, "पाह्यलं का? पकडलं तसं परत केलं."

मागून कोणीतरी म्हणाले की चोर डबीत बसला आहे. काही जण हसले. त्यानंतर कोणी हसले नाही.

धर्मराज यांनी ट्रॅक्टरमधून जॅकचा लोखंडी दांडा काढला. ते दाराने आत आले. त्यांच्यामागे पाच जण आले. त्यांची नावे मी वेगळ्या कागदावर दिली आहेत. मी टेबल आणि दार यांच्यामध्ये उभी राहिले. मी म्हणाले, "दादा, बटण मी दाबलं. मुनीरभाईनं न्हाई. त्यांचा हातसुद्धा तिथं पोचत न्हाई."

ते माझ्याशी बोलले नाहीत. बरोबरच्या दोघांना म्हणाले, "हिला बाजूला घ्या. आपली पोर हाय."

मला दंडाला धरून शेजारच्या खोलीत नेले. तिथे रुईचे नमुने ठेवतात. बाहेरून कडी लावली. दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत जाळीची खिडकी आहे. पुढचे सर्व मी जाळीतून पाहिले. काट्याची खोली लहान आहे आणि उजेड पुरेसा होता.

दोघांनी मुनीर यांचा उजवा हात मनगटाशी धरून कीबोर्डवर ठेवला. धर्मराज म्हणाले, "आकडा वाच."

मुनीर यांनी पडद्याकडे पाहिले आणि म्हणाले, "सत्तावन्न वीस." धर्मराज यांनी दांडा हातावर मारला. कीबोर्डची बटणे उडाली. त्यांतली काही जाळीतून माझ्या बाजूला आली. ती मी आज बरोबर आणली आहेत. कागदात बांधून देत आहे. धुतलेली नाहीत.

धर्मराज यांनी परत आकडा वाचायला सांगितले. मुनीर यांनी तोच आकडा सांगितला. परत मारले. मी जाळीतून ओरडून सांगत होते की बटण मी दाबले. धर्मराज एकदा जाळीकडे पाहून म्हणाले, "तू गप ऱ्हाय, गिरजे. तुझं घरी पाहू." यावरून माझे बोलणे त्यांना ऐकू येत होते हे स्पष्ट आहे.

मुनीर खुर्चीवरून खाली सरकले तेव्हा एकाने माउसची वायर त्यांच्या गळ्याभोवती घालून वर ओढले. वायर तुटली. मग धर्मराज यांनी मॉनिटर दोन्ही हातांनी उचलून त्यांच्या छातीवर टाकला. काचेचा मोठा आवाज झाला. धर्मराज खाली वाकून म्हणाले, "आता वाच."

वाचायला काही नव्हते. मुनीर म्हणाले, "सत्तावन्न वीस."

त्यानंतर धर्मराज यांनी त्यांच्या तोंडावर मारले. किती वेळा ते मी सांगू शकत नाही. मी पाहत होते, पण मोजले नाही.

ते लोक गेल्यावर साळूबाईंनी माझ्या खोलीची कडी काढली. धर्मराज दुसऱ्याच्या मोटारसायकलवर बसून गेले होते. ट्रॅक्टर काट्यावर तसाच उभा होता. मी काट्याच्या खोलीत गेले. मुनीर यांच्या छातीवरचा मॉनिटर मी आणि साळूबाईंनी बाजूला केला. त्यांचा श्वास चालू होता. उजवा हात मी ओढणीने बांधला. त्यांनी मला विचारले, "ताई, पावती निघाली का?" मी नाही म्हणाले.

बद्रीनाथशेठ यांची जीप परतूरला गेली होती. ती येईपर्यंत हमालांनी मुनीर यांना गोणपाटावर घालून बाहेर नेले. बाहेर ऊन होते. सावली फक्त ट्रॉलीच्या बाजूला, काट्याच्या लोखंडी पाटावर होती. तिथे त्यांना ठेवले.

मी आतच होते. टेबलाखाली दोन्ही कॉम्प्युटर चालू होते. दोघांचे हिरवे दिवे लागलेले होते. त्यांना ओरखडाही नव्हता. शेजारी काट्याचा मूळ यंत्रभाग आहे. त्यावर लाल आकड्यांत वजन दिसते. टेबल लहान असल्याने तो खाली ठेवलेला असतो, म्हणून खिडकीतून दिसत नाही. मारहाण चालू असताना तो कोणी पाहिला नाही. त्यावर सत्तावन्न क्विंटल वीस किलो होते. हमाल मुनीर यांना घेऊन पाटावर चढले तेव्हा आकडा वाढला. हमाल खाली उतरल्यावर सत्तावन्न क्विंटल ऐंशी किलोवर थांबला. हा काटा दहा किलोच्या टप्प्याने आकडा दाखवतो. इस्पितळातल्या कागदावर मुनीर यांचे वजन एकोणसाठ किलो लिहिले आहे. काटा बरोबर आहे याचा मला याहून वेगळा पुरावा देता येत नाही. साळूबाईंनीही तो आकडा पाहिला. त्यांना लाल आकडे वाचता येतात.

जीप आल्यावर मुनीर यांना जालन्याला नेले. त्यांच्या आई मैमूनाबी इस्पितळात भेटल्या. त्यांनी मला फक्त पाणी विचारले.

पंचनाम्यात 'वजन कमी करण्याचे यंत्र एक, काळ्या रंगाचे' असे लिहून डबी जप्त केली आहे. फुटलेला मॉनिटर 'कॉम्प्युटर एक, फुटलेला' असा लिहिला आहे. दोन्ही गोष्टी चूक आहेत. कॉम्प्युटर दोन आहेत, ते फुटलेले नाहीत आणि ते अजून टेबलाखालीच आहेत. मुनीर यांनी टेबलाखालचे बटण दाबले असेही फिर्यादीत आहे. डबी त्या वेळी टेबलावर, भिंतीकडच्या कडेला होती. बटण भिंतीकडे होते. खुर्चीत बसून ते दाबता येत नाही. टेबल जागेवरच आहे, मापून पाहावे.

जबाब लिहिणाऱ्या जमादारांनी मला विचारले की गर्दी होती, घाई होती, बटण नक्की कोणी दाबले ते दिसले नाही असे लिहायचे का. माझे उत्तर: नाही. तसे लिहू नये.

त्यांनी असेही विचारले की मुनीर यांच्याशी माझी ओळख किती. माझे उत्तर: त्या दिवशी सकाळी झाली. दुपारपर्यंतची आहे.

जबाब इथपर्यंत आला असताना माझे वडील कचरू तौर ठाण्यात आले. त्यांना कोणी कळवले ते मला माहीत नाही. जमादारांच्या परवानगीने मी व्हरांड्यात जाऊन त्यांच्याशी बोलले. धर्मराज यांचे लग्न ठरले असल्याचे त्यांनी सांगितले. ते मला माहीत होते. त्यांनी मला मारले नाही आणि आवाज चढवला नाही. त्यांच्या बोलण्यातले एवढेच या प्रकरणाशी संबंधित आहे, ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे: "लिव्हलं ते लिव्हलं, पोरी. सही करू नको. करायची तर करून मंग घरी येऊ नको."

बाकीचे बोलणे घरातले होते. ते लिहू नये. वडील सायकलवर आले होते, सायकलवरच गेले. वाटूर इथून लांब आहे.

माझी मागणी अशी आहे. जप्त केलेली डबी, दोन्ही कॉम्प्युटर आणि कोणताही एक चालू मॉनिटर पंचांसमोर जोडावेत. काट्यावर माहीत असलेल्या वजनाची वस्तू ठेवावी आणि बटण पंचांपैकी कोणीही, हवे तितक्या वेळा दाबावे. टेबलाखालचा लाल आकडा बदलतो का ते पाहावे. जोडून द्यायला मी येईन, बटणाला हात लावणार नाही. मुनीर यांच्या जामिनावर २० तारखेला सुनावणी आहे. मारहाणीच्या गुन्ह्यात अनोळखी जमावाऐवजी धर्मराज भिवा तौर आणि मी दिलेली पाच नावे लिहावीत.

हा मजकूर जमादारांनी मला पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचून दाखवला. ज्या शब्दांवर मी थांबवले ते माझ्यासमोर दुरुस्त झाले. माझ्या सांगण्यात आणि लिहिण्यात फरक राहिलेला नाही. सही करत आहे.

सहीनंतर एक दुरुस्ती: पहिल्या ओळीतला राहण्याचा पत्ता जबाब सुरू झाला तेव्हा बरोबर होता. तो आता खोडावा. माझ्या मागणीवर काय ठरले ते गुरुवार दि. १९ डिसेंबरपर्यंत लेखी कळवावे. उत्तर परतूरच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवावे.

(सही) गिरिजा कचरू तौर