मागच्या दाराजवळचा सेन्सर

—नाही नाही, मी आत येत नाही, तू तुझं काम कर. गमबूट चिखलाने भरलेत, आणि नायरीच्या स्वयंपाकघरात बूट घालून पाऊल टाकलं तर तिचा मेलेला नवरासुद्धा उठून ओरडेल. मी इथेच उंबऱ्यावर बरी. मी ग्लेनिस, शेजारची — ते हिरव्या पत्र्याचं घर ना, तिथली. नायरी कुठेय? केस कापायला? आज? मला काही बोलली नाही... असो. तुझी गाडी दिसली, म्हटलं बॉयलरवाला आलाय, म्हणजे तो तापमानाचा सेन्सर पुन्हा बिघडला. हे घे, चीज रोल, गरम आहेत — तिच्यासाठी आणले होते, तूच खा. तू मॅकार्थरांचा ना रे? बघ, कानांवरून ओळखलं! तुझी आई आणि मी विंटन गावात नेटबॉल खेळायचो, भयंकर ढकलायची ती — सांगू नकोस तिला.

ह्या सेन्सरची कथा मला विचार, नायरीला काय कळतंय त्यातलं. क्रेगने — तिचा मुलगा, ऑकलंडला असतो — आईला थंडी वाजू नये म्हणून खोलीखोलीत गरम पाण्याचे रेडिएटर बसवून दिले. छान केलं. पण सेन्सर कुठे लावला? रेडिएटरच्या डोक्यावर! आता त्याला काय वाटणार — घर तापलं, झालं काम, बॉयलर बंद — आणि नायरी बिचारी दोन-दोन स्वेटर घालून बसलेली. मग लावला खिडकीसमोर, तर ऊन पडलं की तेच रडगाणं. मग आणला इथे, मागच्या दाराजवळ, तर आता सगळं उलटं — सकाळच्या चहाच्या वेळी तापमान धाडकन खाली, बॉयलर ढणाढणा पेटतो, आतल्या खोल्यांची भट्टी. रोज! दुपारी विचारशील तर सगळं ठीक. मी तर म्हणते उंदीर. भिंतीत शिरून वायर कुरतडत असणार. काय केलंस — बर्फाच्या पाण्यात बुडवून बघितलास? आणि बरोबर शून्य दाखवतोय? वायरही तपासलीस? तीही चांगली? मग बॉयलरच वेडा झालाय, दुसरं काय.

नाही, चहाच्या वेळेलाच होतं हे मला कसं माहीत म्हणजे? मी असते ना इथे. रोज असते. मरे गेल्यापासून — माझा नवरा रे — सकाळी माझ्या घरात केटलीशिवाय कोणी आवाज करत नाही, मग येते आपली कुंपणातून. पूर्वी नायरी म्हणायची, 'बूट काढ गं, ये आत, बस' — आणि मी बसायचे, तू पिशवी ठेवलीयेस ना, त्याच खुर्चीत. ह्या हिवाळ्यात म्हणेनाशी झाली. विसरत असेल, मी म्हटलं, वय झालं. आता कोणी बस म्हटल्याशिवाय बूट कसे काढायचे? मग मी इथेच, दार खांद्याने धरून, एक पाय आत एक बाहेर, 'थांबत नाही गं, निघालेच' म्हणत — तास कसा जातो कळत नाही. हे आत्ता उभी आहे ना, अगदी अश्शी—

हा कसला आवाज? बॉयलर? तू काही दाबलंस का? नाही? मग असा काय बघतोयस माझ्याकडे... दाराकडे काय बघतोस?

अस्सं.

म्हणजे उंदीर मी — दार उघडं धरून सेन्सरवर गारठा सोडणारी. हस की, हस, मीही हसतेय. बरं मग सोपंच आहे, हा सेन्सर काढ आणि आत बैठकीच्या भिंतीला लाव, मिटलं! — काय? तू सांगितलं होतंस तिला? फोनवर? मग काय म्हणाली? अरे, बोल ना. नको म्हणाली? इथेच राहू दे म्हणाली? आणि... आणि पुढे काय म्हणाली? 'चहाच्या वेळेला जा, बिघाड आपणहून दारात येऊन उभा राहील.' असं म्हणाली. नायरी म्हणाली असं. आणि स्वतः गेली केस कापायला.

खुबा मोडला होता तिचा, तेव्हा तिला अंघोळ कोणी घातली, विचार. क्रेगने? तो फुलं पाठवत होता. मी घातली. तिच्या अंगावरचा एकेक व्रण मला माहीत आहे — आणि 'ग्लेनिस, रोज नको येत जाऊस' एवढं तोंडावर बोलता आलं नाही तिला? त्यासाठी भिंतीवर पहारेकरी बसवला, परका माणूस बोलावला! मी गेले असते रे. वाईट वाटलं असतं, दोन दिवस रुसले असते, पण गेले असते. आता तू जाऊन क्रेगला सांगशील, क्रेग मला फोन करेल गोड आवाजात, आणि ती बाजूला बसून म्हणेल, मला बाई काहीच ठाऊक नाही.

रडत नाहीये. वारा आहे हा.

तिला एवढंच सांग, सेन्सर अगदी चांगला आहे, जे आहे तेच दाखवतोय. बाकी काही सांगू नकोस. आता सरक मागे, दार लाव. — अरे आतून लाव ना! गारठा शिरतोय तिच्या घरात. लाव.