दहापैकी दहा

चेतना : ताई, मी पण तेच सांगतेय ना. सर्व्हिसच्या जॉब कार्डची कॉपी फक्त गाडीच्या मालकाला मिळते. तुम्ही मालक नाही.

शीतल : मालक देत नाहीत म्हणून तर इथे आले. वर्सोव्याला दोनदा जाऊन आले त्यांच्याकडे. वॉचमनने गेटवरूनच परत पाठवलं.

चेतना : मग वकील करा.

शीतल : वकिलांनीच सांगितलंय, आधी कागद आणा. एक मिनिट, त्या पाण्याच्या मशीनचं बटण बंद कराल का? गरम पाण्याचा नळ आहे आणि ह्या माझ्या मुलीचा हात पोचतोय.

चेतना : तो लॉक असतो.

शीतल : लाल खटका दाबला की उघडतो. मघाशी एकांना दाबताना बघितलं.

चेतना : बरं, थांबा. प्लगच काढते. झालं? बसा आता. बाळाला बिस्किट देऊ?

शीतल : नको. खात नाही, नुसता चुरा करते, आणि सोफा पांढरा आहे तुमचा. हे बघा, मी भांडायला आले नाही. इथेच चारकोपला राहतो आम्ही, सेक्टर पाचला. माझा नवरा आकाश इंगळे, ड्रायव्हर आहे. साहेबांची ती पिवळी, दोन दरवाजांची गाडी घेऊन तो चार वेळा तुमच्याकडे आला होता.

चेतना : माहितीये. तीच ना, जिच्याखाली तो माणूस गेला.

शीतल : दत्ताराम परब. सत्तावन्न वर्षांचे होते. ड्युटी संपवून सायकलवरून घरी चालले होते. दोन फेब्रुवारीला, संध्याकाळी सात वाजता, आरेच्या रस्त्यावर. नाव घ्यावं माणसाचं.

चेतना : सॉरी.

शीतल : आकाश म्हणतो, वळणावर दोन्ही हेडलाइट एकदम गेल्या. समोरचे सगळे काटे, आकडे, सगळं काळं. त्याने ब्रेक दाबला, पण रस्ता कुठे आहे तेच दिसत नव्हतं. पोलीस म्हणतात, लाइट धडकेत फुटली, आधी चालूच असणार. साहेब म्हणतात, मला ड्रायव्हरने कधी काही सांगितलंच नाही. आणि दत्तारामांचा मुलगा म्हणतो, हा वेगात होता, आता गाडीवर ढकलतोय. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं.

चेतना : आकाशदादा आता आत आहेत?

शीतल : जामिनावर आहे. घरी आहे, पण असून नसल्यासारखा. त्या चार कार्डांवर त्याने सांगितलेली तक्रार असेल ना? ती दिसली तर निदान तो खोटं बोलत नाही एवढं तरी कळेल.

चेतना : तक्रार आहे. तेवढं मी सांगू शकते. पण खाली चारही वेळा लिहिलंय, टेस्ट ड्राइव्ह घेतली, दोष आढळला नाही.

शीतल : टेस्ट ड्राइव्ह किती वाजता घेतात?

चेतना : दुपारी. तीनच्या सुमाराला, रस्ता मोकळा असतो तेव्हा.

शीतल : दुपारी तीनला हेडलाइट तपासतात?

चेतना : लावून बघतात हो, भिंतीसमोर. पाच मिनिटं.

शीतल : ती पाच मिनिटांत जात नाही. पाऊण तास गाडी चालली की जाते. मग बंद करून परत सुरू केली की येते.

चेतना : सगळ्यांचं सेम आहे.

शीतल : सगळ्यांचं म्हणजे?

चेतना : काही नाही. असंच बोलले.

शीतल : चेतना नाव आहे ना तुमचं? बॅजवर वाचलं. सगळ्यांचं म्हणजे कुणाचं?

चेतना : यार ताई, माझी वाट लावाल तुम्ही. ह्या मॉडेलच्या नऊ गाड्या येतात आमच्याकडे. मुलुंडच्या एका डॉक्टरांच्या गाडीची काच चालत्या गाडीत आपोआप खाली येते. वांद्र्याच्या मॅडमचा हॉर्न वाजायला लागला की थांबतच नाही. लाइटचं म्हणाल तर सहा जणांचं आहे. मी फोन करते ना सर्व्हिस झाल्यावर, मलाच सगळं ऐकवतात.

शीतल : म्हणजे कंपनीला माहीत आहे.

चेतना : नाही ना. तिथेच तर मेख आहे. वर हेड ऑफिसला तक्रार जात नाही, मार्क जातात. दहापैकी किती. दहा आले की फाइल बंद. नऊ आले तरी नापास धरतात. मग गाडी परत बोलवा, फॅक्टरीचा माणूस येणार, गाडी उघडणार, सर्व्हिस ॲडव्हायझरने लेखी उत्तर द्यायचं. एवढा ताप कोणाला पाहिजे? साहेब लोक तर फोनच उचलत नाहीत. आमच्याकडे नंबर असतो ड्रायव्हरचा. ड्रायव्हर बिचारे देऊन टाकतात. आम्ही पण सांगतो, दादा दहा द्या ना, आमची नोकरी आहे.

शीतल : नऊच्या नऊ गाड्यांचे?

चेतना : नव्वदपैकी नव्वद. फॅक्टरीच्या लेखी ही गाडी एकदम झकास आहे.

शीतल : आकाशने पहिल्या तिन्ही वेळा दहा दिले, ते मला माहीत आहे. घरी येऊन सांगायचा. तुमच्या इथल्या सुयोगचं लग्न आहे मे महिन्यात, म्हणे, त्याचं कशाला वाकडं करू. चौथा फोन कधी केला होता तुम्ही?

चेतना : त्या फोनच्या मार्कांचा कागद पोलिसांकडे गेलाय. आमच्या वकिलांनी दिला. अपघाताच्या आधी ड्रायव्हर स्वतः समाधानी होता म्हणून.

शीतल : हो, आकाशला दाखवला तो पोलिसांनी. त्यावर वेळ नव्हती. मला वेळ हवी आहे.

चेतना : कशाला?

शीतल : बघा ना. तेवढंच.

चेतना : थांबा. नऊ जानेवारीला गाडी दिली. फोन केला चौदाला. अकरा वाजून बारा मिनिटं. कॉल घेणारा, ड्रायव्हर. मार्क, दहा.

शीतल : अकरा बारा.

चेतना : काय झालं?

शीतल : पिल्लू, इकडे ये. तिकडे नको, काचेचा दरवाजा आहे, कोणीतरी उघडेल. ये, माझ्याजवळ बस.

चेतना : ताई?

शीतल : चौदाला आकाश फोन घरी विसरून गेला होता. फोन मी घेतला.

चेतना : तुम्ही?

शीतल : जॉब कार्ड तर हवंच होतं. पण खरं म्हणजे मी ही वेळ बघायला आले. मला सारखं वाटत होतं, तो फोन दुसरा कसला तरी असेल. बँकेचा असेल. त्याचं रेकॉर्डिंग असतं का?

चेतना : असतं. पण ऐकवायची परवानगी नाही.

शीतल : माझाच आवाज आहे ना त्यात.

(चेतना खुर्ची ओढून कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग लावते.)

चेतनाचा आवाज : नमस्कार, आकाश सर बोलतायत का?

शीतलचा आवाज : नाहीत हो. फोन घरी राहिलाय. मी त्यांची मिसेस.

चेतनाचा आवाज : चालेल मॅडम, एकच मिनिट घेते. नऊ तारखेची सर्व्हिस कशी वाटली? दहापैकी किती मार्क द्याल?

शीतलचा आवाज : परवा परत गेली म्हणत होते लाइट. घोडबंदरवरून येताना.

चेतनाचा आवाज : ते सुयोग सर बघतील मॅडम. तुम्ही मार्क तेवढे सांगा. दहा टाकू?

शीतलचा आवाज : टाका. हळू बोला जरा, बाळ आत्ता झोपलंय.

चेतनाचा आवाज : थँक्यू मॅडम. हॅपी संक्रांत.

शीतल : मला वाटत होतं, मी दहा म्हटलं असेन. मी तेवढंही म्हटलं नाही. नुसतं टाका म्हटलं.

चेतना : टाकू का, मी विचारलं होतं.

सुयोग : (आत येत) चेतना, लाउंजमध्ये रेकॉर्डिंग कोणी लावायला सांगितलं?

चेतना : सर, ह्या आकाशदादांच्या मिसेस.

सुयोग : कळलं मला. मॅडम, मी सुयोग सावंत, इथला सर्व्हिस ॲडव्हायझर. जे झालं त्याचं मनापासून वाईट वाटतंय. आकाश सज्जन माणूस आहे. आला की आम्ही एकत्र चहा घ्यायचो.

शीतल : त्यालाही तसंच वाटायचं, तुम्ही मित्र आहात म्हणून.

सुयोग : मित्र म्हणूनच एक सल्ला देतो. हे रेकॉर्डिंग मागू नका. ह्यातून काय सिद्ध होतं ते बघा ना. बारा जानेवारीला लाइट पुन्हा गेली होती, हे आकाशला माहीत होतं. माहीत असूनही त्याने गाडी बाहेर काढली. आज तो निदान म्हणू शकतो, मला वाटलं दुरुस्त झाली.

शीतल : तो तसं म्हणतच नाही. पहिल्याच जबाबात त्याने सांगितलंय. लाइट परत गेली, मी साहेबांना बोललो, साहेब म्हणाले कंपनीने ओके दिलीय ना, चालव. नोकरी होती, चालवली. एवढं सगळं सरळ सांगितलं त्याने. त्याला खोटारडा ठरवला तो तुमच्या ह्या दहाने. लाइट गेली होती तर दोनच दिवसांनी दहा कसे दिलेस, विचारतात. त्याच्याकडे उत्तरच नाही.

सुयोग : आणि तुमच्याकडे आहे? उद्या तुम्हालाच विचारतील. घरात दोघांनाही माहीत होतं, मग तुम्ही त्याला थांबवलं का नाही? फोनवर समाधान का कळवलंत? लहान मुलगी आहे तुमची. थोडा विचार करा.

शीतल : विचारच करते मी, सुयोग. दिवसभर दुसरं काय करते? खिडकीला जाळी, प्लगला झाकणं, औषधाच्या बाटलीवरची तारीख दोनदा वाचायची. घरात कशाने काय होईल ह्याचं अख्खं चित्र असतं डोळ्यांसमोर. आणि नवरा लाइट जाणाऱ्या गाडीत बसतोय, ते ऐकलं आणि डाळीला फोडणी दिली.

सुयोग : तुम्ही भावनेच्या भरात बोलताय.

शीतल : बाकीच्या आठ गाड्यांचं काय करणार तुम्ही?

सुयोग : कुठल्या आठ गाड्या? चेतना, काय काय सांगितलंस तू?

चेतना : जे फोनवर ऐकते ते.

सुयोग : ते बंद कर आधी. आणि जेवणानंतर माझ्या केबिनमध्ये ये. मॅडम, माफ करा, बाहेर कस्टमर उभे आहेत.

चेतना : गेले. आता बहुतेक मी पण गेले.

शीतल : माझ्यामुळे.

चेतना : तुमच्यामुळे कशाला? दिवसाला चाळीस जणांना टाकू का, टाकू का करत बसते मी. कोणी लाइट म्हणालं, ब्रेक म्हणालं, तरी माझं आपलं चालूच. ऐकून घ्यायला मला ठेवलेलंच नाहीये. दादांना माहितीये, फोन तुम्ही घेतला ते?

शीतल : नाही.

चेतना : सांगितलंच नाही अजून?

शीतल : पोलिसांनी तो कागद दाखवल्यापासून रोज विचारतो. चौथ्यांदा मी कधी दिले गं दहा? मला आठवत का नाही? डॉक्टर म्हणाले, धक्क्याने असं होतं, काही गोष्टी पुसल्या जातात. मग आता प्रत्येकच गोष्टीवर शंका घेतो. काल म्हणाला, कदाचित लाइट चालू असेलही, मलाच दिसलं नसेल. दत्तारामांच्या घरी जाऊन पाया पडतो म्हणाला, सांगतो की चूक माझीच.

चेतना : आणि तुम्ही काय बोललात?

शीतल : गप्प बसले. दोन आठवडे गप्प आहे. मला वाटलं, डोकं शांत झालं की विसरेल.

चेतना : ताई.

शीतल : बोल ना. मला तेच ऐकायचं होतं कुणाकडून तरी.

चेतना : नाही बोलत. मी कोण बोलणारी?

शीतल : त्या स्क्रीनवर कॉल घेणारा ड्रायव्हर असं लिहिलंय. ते बदलता येतं का?

चेतना : तिथे दोनच नावं निवडता येतात. मालक नाहीतर ड्रायव्हर. बायको आहे म्हणालात तरी मी ड्रायव्हरवरच टिचकी मारली होती. खाली शेरा लिहायची जागा आहे, पण तिथे काही लिहिलं की हेड ऑफिसला दिसतं. कोणी लिहिलं, किती वाजता, सगळं.

शीतल : मग तुला लिहायला नको. मी आत्ता इथून पोलीस स्टेशनलाच जाते, जबाब देते. तारीख आणि वेळ सांगितली की रेकॉर्डिंग ते मागतील. तू फक्त पुसू नकोस.

चेतना : मला पुसता येत नाही. सरांना येतं.

शीतल : हं.

चेतना : शेरा लिहिलेला असला की पुसलेलं कळतं. सांगा, काय लिहू? पटकन सांगा, जेवणाची सुट्टी व्हायच्या आत.

शीतल : लिही. फोन ड्रायव्हरने घेतला नाही. त्याच्या पत्नीने घेतला, शीतल आकाश इंगळे. लाइट पुन्हा गेल्याचं तिने सांगितलं होतं.

चेतना : सांगितलं होतं. झालं. आणि मार्क? ते काढायची रिक्वेस्ट पण टाकता येते.

शीतल : नको, मार्क राहू दे. ते मीच दिलेत.